बोटीच्या आतला ठिपक्यांचा रंग : टिकाऊ काय मारावं?

खाडीकाठ (४ मार्च, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे फायबरकाम करणारे, गाड्या रंगवणारे आणि परदेशात बोटी बाळगणारे असे सगळेच आहेत, म्हणून इथेच विचारतो.

आम्ही मालवणजवळचे. घरची २६ फुटी फायबरची बोट आहे, गोव्याहून जुनी घेतलेली. हंगामात पर्यटकांना फिरवतो, पावसाळ्यात वर ओढून शाकारून ठेवतो. बाहेरचं अंग धडधाकट आहे. रडगाणं आतलं आहे. बाकांखालचे खण, दोन्ही बाजूंच्या आतल्या भिंती, नाळेकडचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, सामानाचं कपाट, या सगळ्यांवर मूळचा राखाडी रंग आणि त्यावर काळे, पांढरे, निळसर ठिपके होते. टिटवीचं अंडं पाहिलं असेल तर तसं. आता ते अर्ध्याहून जास्त झिजलंय.

गेल्या वर्षी मी शहाणपणा करून बाजारातला साधा राखाडी ऑईलपेंट आणला आणि दोन हात मारले. दिवाळीपर्यंत केळीच्या सोपटासारखा सोलून निघाला. शिवाय ठिपके गेल्यावर कळलं की भिंती आतून किती ओबडधोबड आहेत. काचतंतूंच्या चटईचा, म्हणजे मॅटचा, धागान्‌धागा दिसतो.

तर प्रश्न असा, की हा ठिपक्यांचा रंग तयार मिळतो का? मिळत नसेल तर करतात कसा? आणि खारं पाणी, पेट्रोल, पर्यटकांच्या चपला यांना टिकेल असा कुठला? शिमगा झाल्यावर बोट पंधरा दिवस वर घेणार आहे.

मोझॅकवाडी (४ मार्च, रात्री १०:०५)

म्हणजे आमच्या चाळीच्या गॅलरीतल्या फरशीसारखं? त्यावर पन्नास वर्षं काय काय सांडलं, कुणालाही दिसलेलं नाही. वाचतोय.

चेसापीककर (५ मार्च, सकाळी ६:१५)

मेरीलँडहून लिहितोय. तुम्ही म्हणताय त्या रंगाला इकडचे जुने बोटवाले सरसकट ‘झोलाटोन’ म्हणतात. ते एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे ना, तसं झालंय.

त्यातली गंमत अशी की एकाच डब्यात तीन-चार रंगांचे थेंब एकमेकांत न मिसळता तरंगत असतात. प्रत्येक थेंबाभोवती पातळ पापुद्रा असतो. फवारणीच्या गनमधून उडून भिंतीवर आपटला की त्याचा ठिपका होतो. म्हणजे एकाच फवाऱ्यात सगळे रंग. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या डिकीतही असाच रंग असायचा. म्हणूनच तो गाळायचा नाही आणि ड्रिलला पंखा लावून घुसळायचा तर मुळीच नाही. थेंब फुटले की डब्यात नुसता राखाडी चिखल उरतो. लाकडी पट्टीने हळू ढवळायचं, हवेचा दाब कमी ठेवायचा, नोझल मोठं घ्यायचं.

टिकाऊपणाचं विचाराल तर माझी १९ फुटी जुनी बोट आहे. कपाटांच्या आत पाण्यावर आधारित ठिपकेरंग मारला, तो सात वर्षांनीही जसाच्या तसा आहे. तोच रंग पायरीवर मारला, तो दुसऱ्या उन्हाळ्यात गुळगुळीत झाला. वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक, थर द्यायला हवा होता. मी कंटाळा केला.

तुम्हाला मालवणात हा डबा मागवायच्या खटपटीत पडायची गरज नाही असं माझं मत. हाताने ठिपके उडवता येतात.

फायबरवाला (५ मार्च, दुपारी २:२०)

मी रत्नागिरीकडे पंधरा वर्षं फायबरकाम करतोय. जरा लांबण लागेल, पण मुळापासून सांगतो.

आधी हे ठिपके आले कुठून ते बघा. फायबरची बोट साच्यात बाहेरून आत अशी बनते. साच्याला लागून जेलकोट, म्हणजे रेझिनचा (कडक होणाऱ्या राळेचा) गुळगुळीत थर, म्हणून बाहेर आरसा. आतली बाजू म्हणजे शेवटचा मॅट किंवा विणलेलं कापड, रोलरने दाबलेलं. ती खडबडीतच राहणार. तिच्यावर एकरंगी चकचकीत रंग मारला तर प्रत्येक खड्डा ओरडून सांगतो, मी इथे आहे. ठिपके मारले की नजर कुठे ठरत नाही, खड्डे लपतात. दुसरा फायदा डागडुजीचा. एकरंगी भिंतीवर ठिगळ लावलं की त्याची कड दिसते, ठिपक्यांत ती कड हरवून जाते. ठिपक्यांचं काम एवढंच. टिकणं-न टिकणं हे ठिपक्यांच्या खाली आणि वर काय आहे त्यावर.

आता तुमचा ऑईलपेंट का सोलला. बहुतेक बोटींत आतून शेवटचा हात मेण घातलेल्या रेझिनचा असतो. पॉलिएस्टर रेझिन हवेला उघडं राहिलं तर वरून चिकट राहतं, म्हणून त्यात थोडं मेण घालतात. ते वर तरंगून हवा अडवतं आणि थर कडक होतो. पण मेण तिथेच राहतं. तुम्ही थेट पॉलिश पेपर घासलात ना? मग मेण निघालं नाही, ओरखड्यांत चोळलं गेलं. वर ऑईलपेंट. तो सोलणार नाही तर काय.

क्रम असा ठेवा. आधी साबण आणि गोडं पाणी, भरपूर. मीठ राहिलं तर ते रंगाखाली ओलावा ओढत राहतं. वाळल्यावर मेण काढण्याचं सॉल्व्हंट, दोन फडकी घेऊन. एकाने पुसायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. फडकी बदलत राहा, नाहीतर मेण फक्त इकडचं तिकडे होतं. मग स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर साफ. अळूच्या पानावरच्यासारखे मणी झाले तर परत पुसा. त्यानंतरच ८० नंबर आणि मग १२० नंबर पेपर. चकाकी कुठेही राहता कामा नये, कोपऱ्यातसुद्धा नाही. सुरुवात कोपऱ्यांतूनच सुटते.

सगळ्यात महत्त्वाचं, ओल. खणांच्या तळाला आत प्लायवूड आहे का? एक-दोन ठिकाणी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम आला असेल तर कुठलाही रंग टिकणार नाही, आधी ओल कुठून येते ते शोधा.

मग दोन भागांचा (म्हणजे हार्डनर वेगळा येतो, मारण्याआधी मिसळायचा) एपॉक्सी प्रायमर दोन हात, वर दोन भागांचा पॉलियुरेथेन. जहाजाचे रंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो, जोटून, इंटरनॅशनल, बर्जर, जो हाताला येईल तो. मात्र प्रायमर आणि वरचा रंग एकाच घरचा घ्या.

आणि एक. एपॉक्सीवर परत जेलकोट मारायचा मोह धरू नका. पॉलिएस्टर एपॉक्सीला नीट धरत नाही. उलटं चालतं.

सुकाणू (५ मार्च, रात्री ८:५०)

बाबा, ठिपके मारूचे तर मार, पण मासळीच्या खणात आणि तळात मारू नको हां. तळात पेट्रोल गळता काय ऑईल गळता, ता दिसूक व्हया. तडो गेलो तर दिसूक व्हयो. ठिपक्यांत काय दिसतला? कपाळ! आमच्या ट्रॉलराच्या मशिनीखाली पांढरोफट रंग. दर सकाळी बॅटरी मारून बघायचा. काळो थेंब दिसलो की समजायचा.

खाडीकाठ (५ मार्च, रात्री ९:१५)

सुकाणू, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे मासळीचा खण नाही, पण बर्फाची पेटी आहे. म्हणजे तळ आणि पेटी पांढरीच ठेवतो.

फायबरवाला, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. वडील म्हणाले, “आमच्या वेळी लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोळायचं आणि झापाखाली झाकायचं. संपलं.” बरोबरच आहे, तेव्हा मेण पुसत बसावं लागत नव्हतं.

टेरेसवाला (६ मार्च, सकाळी १०:३०)

एवढा खटाटोप कशाला? पिकअपच्या हौद्यात मारतात तो काळा खरखरीत लायनर मारा. हातोडा मारला तरी निघत नाही.

फायबरवाला (६ मार्च, दुपारी १:१०)

निघत नाही हे खरं, म्हणूनच मारू नका. उद्या फायबरला तडा गेला आणि मॅट लावायची वेळ आली की तो काढताना ग्राइंडरच्या डिस्का संपतील. शिवाय कोकणच्या उन्हात काळा रंग, बंद खण, आत लाइफजॅकेटं. हात घालून बघा एकदा दुपारी.

गाडीरंगारी (६ मार्च, रात्री ११:००)

कोल्हापूर. आमचं गॅरेज आहे, गाड्यांच्या रंगाचं. बोट रंगवलेली नाही, पण जुन्या गाडीच्या डिकीला असले ठिपके बरेचदा मारलेत. कृती सांगतो.

खालचा रंग तुमचा राखाडी. तो हाताला चिकटायचा थांबला, पण अजून पुरता पक्का झाला नाही, अशा वेळी ठिपके मारायचे. डब्यावर दोन हातांमधला वेळ दिलेला असतो, त्याच्या आतच. कारण तो वेळ टळला तर पेपर घासावा लागतो, आणि ठिपके मारल्यावर पेपर घासला तर ठिपकेच निघून जातात. म्हणजे राखाडी, ठिपके आणि क्लिअर ही तिन्ही कामं एका दमात बसवायची. आधी वेळापत्रक करा, मग डबा उघडा.

ठिपक्याचा रंग नेहमीपेक्षा जाड ठेवायचा, थिनर जवळजवळ नाहीच. गनचा दाब एरवी असतो त्याच्या पाव करायचा. दाब कमी केला की गन धुकं सोडायचं थांबते आणि थुंकायला लागते. ते थुंकणंच आपल्याला हवंय. दाब जितका कमी आणि रंग जितका जाड, तितका ठिपका मोठा. भिंतीला टेक्स्चर मारायची वरून भांडं असलेली गन मिळाली तर अजून बरं. काही नसेल तर कडक ब्रश घ्या आणि काठीवर आपटा. बारीक जागेत टूथब्रश आणि अंगठा.

नवे लोक इथे चुकतात. आधी काळा मारतात, मग पांढरा, आणि शेवटी बघतात तर भिंतीला गोवर आल्यासारखी. तसं नाही. पहिला ठिपका खालच्या रंगाच्या जवळचा, म्हणजे थोडा गडद राखाडी, तो सढळ हाताने. मग पांढरा. काळा आणि निळा अगदी मोजका, जेवणातल्या मिठासारखा. सगळ्यात शेवटी परत खालच्याच राखाडीचे थोडे ठिपके मारायचे. त्यामुळे काळे मागे सरकतात आणि सगळं एकजीव दिसतं. ही शेवटची पायरी कुणी सांगत नाही.

दर वेळी आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. पुठ्ठा आडवा नाही, उभा ठेवून. आडव्यावर छान बसलेला थेंब उभ्या भिंतीवर अश्रू होतो.

वरून पॉलियुरेथेनचाच क्लिअर, बिनचकाकीचा किंवा अर्ध्या चकाकीचा. दोन हात. चकचकीत घेतलात तर खड्डे परत दिसतील.

मोझॅकवाडी (७ मार्च, सकाळी ७:४५)

“गन थुंकायला लागते” याला दाद. वाचनखूण साठवली.

निळी_छत्री (७ मार्च, सकाळी ११:२०)

मी रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात काम करते, म्हणून कटकट करायचा अधिकार गाजवते.

दोन भागांच्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ब्रशने किंवा रोलरने मारताना त्रास बराच कमी. गनने मारलं की तेच धुक्यासारखं फुप्फुसात जातं. एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेलाही दमा उठतो, आणि ते आयुष्यभर राहू शकतं. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं इथे धरता येत नाही. वास येण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते. तोंडाला रुमाल किंवा करोनातला मास्क म्हणजे काहीच नाही. बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर राखाडी आणि क्लिअर रोलरने मारा. ठिपके ब्रशनेच उडवा, पण उडवतानाही डोळ्यांना गॉगल, हातमोजे आणि पूर्ण बाह्या.

दुसरं म्हणजे नाळेकडचं कपाट. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला बसते. माणूस आत डोकं घालून वाकलेला, म्हणजे नाक बरोबर तिथेच. हवा तळातून बाहेर ओढली जाईल अशी सोय करा. त्या वाफेत ठिणगी नको, म्हणून साधा टेबलफॅन आत ठेवू नका, बाहेरून स्वच्छ हवा नळीने आत सोडा. लोंबता बल्ब, मोबाइलचा चार्जर, विडी, सगळं बाहेर. पेट्रोलची टाकी तर आधीच काढून लांब ठेवलेली असेल अशी आशा. बाहेर एक माणूस उभा हवा आणि त्याने दर थोड्या वेळाने हाक मारायची.

अवांतर: फायबरवाले स्वतः पॉलिएस्टर रेझिनमध्ये घालायचे कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करणारं) आणि रेझिनचा हार्डनर एकत्र ओतत नसतीलच. पण नवख्यांसाठी सांगते, ते दोन थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा.

फायबरवाला (७ मार्च, दुपारी १२:४०)

ताईंना अनुमोदन. आमच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. माझ्या उस्तादाला आता जिना चढवत नाही.

खाडीकाठ, हवेचंही सांगून ठेवतो. सकाळी फायबर हवेपेक्षा थंड असतं आणि दव धरतं. नियम असा की रंगवायचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव बसू लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम हवा. हवा ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. म्हणजे पृष्ठभाग २९ च्या वर हवा. कोकणात हे सकाळी आठला जमत नाही. दहानंतर सुरू करा, तीनला थांबा. संध्याकाळी ओल बसली तर पॉलियुरेथेन पांढुरका पडतो.

खाडीकाठ (७ मार्च, रात्री ८:००)

सगळ्यांचे आभार. किती रंग लागेल? मोजलं, सगळे खण आणि भिंती मिळून १४ चौरस मीटर भरतात.

फायबरवाला (७ मार्च, रात्री ९:३०)

डब्यावर घन भाग किती टक्के ते लिहिलेलं असतं. ५० टक्के असेल तर १ लिटरमध्ये ५० मायक्रॉनचा वाळलेला थर १० चौरस मीटरवर बसतो. तुमचे १४, दोन हात म्हणजे २८, म्हणजे कागदावर २.८ लिटर. खडबडीत भिंत जास्त पिते आणि रोलरही स्वतःची दलाली घेतो. ४ लिटर धरा. ठिपक्यांना प्रत्येक रंगाचं पाव लिटरही खूप झालं.

खाडीकाठ (२९ मार्च, रात्री १०:१०)

झालं एकदाचं. वृत्तांत देतो.

धुणं आणि मेण काढणं याला चार दिवस गेले. रंगकामाला तीन. पाण्याची परीक्षा पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा नापास, तिसऱ्यांदा पास. घामाच्या परीक्षेत डाव्या बाजूचा मागचा खण नापास. उघडून बघितलं तर एका स्क्रूच्या भोकातून पाणी प्लायवूडमध्ये जात होतं. ते कुजलेलं कापून काढलं, तो खण सध्या तसाच सोडलाय. दिवाळीनंतर बघू.

गन वापरली नाही. राखाडी रोलरने आणि ठिपके ब्रश काठीवर आपटून. पहिल्या पुठ्ठ्यावर खरंच गोवर आली. पाचव्या पुठ्ठ्याला जमलं. शेवटी परत राखाडी मारायची युक्ती म्हणजे जादू आहे, गाडीरंगारी. बायको पुठ्ठे बघून म्हणाली, “यापेक्षा चौथा चांगला होता.” तोच ठेवला. निळी_छत्री, वडिलांना बाहेर उभं केलं होतं. ते दर पाच मिनिटांनी हाक मारत होते, आणि दर हाकेला मी रंग उडवलेला ब्रश घेऊन डोकं वर काढत होतो. त्यामुळे बाकाच्या वरच्या बाजूलाही ठिपके आहेत.

तळ आणि बर्फाची पेटी पांढरी.

चेसापीककर (३० मार्च, सकाळी ५:५०)

फोटो?

खाडीकाठ (३० मार्च, सकाळी ८:२०)

फोटोत नुसती राखाडी भिंत दिसते. यशस्वी झालं म्हणायचं.

खाडीकाठ (११ मे, पुढचं वर्ष, रात्री ९:००)

धागा वर काढतोय. एक पूर्ण हंगाम आणि एक पावसाळा झाला.

भिंती आणि कपाट जसंच्या तसं. सोलणं नाही, फुगणं नाही. दोन जागा गेल्या. पहिली, चढायच्या पायरीजवळ. चपलेखालच्या वाळूने क्लिअर कापत नेला आणि मग ठिपकेही गेले, चेसापीककर म्हणाले तसंच. तिथे आता रबराची पट्टी बसवली. दुसरी टाकीशेजारी, हाताच्या तळव्याएवढी. तिथे पेट्रोल ठिबकत राहिलं असणार. पांढऱ्या तळात पिवळसर ओघळ दिसला म्हणून नळीचा सैल क्लिप सापडला. सुकाणू, तुमचा पांढरा रंग कामी आला.

तळव्याएवढी जागा घासली, प्रायमर, राखाडी, टूथब्रशने ठिपके, क्लिअर. दोन दुपारी लागल्या. काल भावाला सांगितलं, कुठे दुरुस्त केलंय ते शोध. त्याने पाच मिनिटं बघून चांगल्या जागेवर बोट ठेवलं.

सुकाणू (११ मे, रात्री ९:२५)

आणि तो डावो खण?

खाडीकाठ (११ मे, रात्री ९:३०)

दिवाळीनंतर बघू.